यादवी, दंगल आणि जळीत

इंग्रजी वर्तमानपत्रे वाचणाऱ्या आमच्या वाचकांना ‘इंटर्नीसाइन’ हे विशेषण अगदीच अनोळखी नसावे. एखाद्या राजकीय पक्षात फूट पडून कालचे सहकारी आज एकमेकांच्या जिवावर उठले, किंवा लेबनॉनसारख्या देशात १९७५ ते १९९० अशी पंधरा वर्षे गटागटांत रक्त सांडत राहिले, म्हणजे वृत्तलेखकाला हा शब्द हटकून आठवतो. मराठीत तो उतरवताना आपण ‘यादवी’ म्हणतो, ‘आपापसांतील’ म्हणतो, फारच सौम्यपणा हवा असेल तर ‘अंतर्गत’ म्हणून मोकळे होतो. एकाच घरातल्या माणसांनी एकमेकांचा केलेला घात, हा त्याचा अर्थ आता कोशांत पक्का बसला आहे. परंतु तो त्या शब्दाचा जन्मजात अर्थ नाही. तो मागाहून चिकटला. आणि कसा चिकटला हे पाहू गेल्यास, शब्दांच्या साध्या व्यवहारात नीती-अनीतीचा प्रश्न किती नकळत शिरतो हे ध्यानात येते. त्या प्रश्नाचा विचार आम्ही येथे सातारा-सांगलीच्या अनुषंगाने करणार आहोत. मारणाऱ्याचे नाव शब्दांच्या आड कसे दडते, याची उदाहरणे त्या दोन जिल्ह्यांच्या इतिहासात दुर्दैवाने पुरेशी आहेत.

मूळ शब्द लॅटिन. त्यातील मुख्य धातूचा अर्थ ठार मारणे, आणि आपल्या ‘नाश’ शब्दाशी त्याचे दूरचे नाते आहे असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. त्याच्या आधी ‘इंटर’ हा उपसर्ग आहे. या उपसर्गाचा नेहमीचा अर्थ ‘मध्ये’ किंवा ‘परस्परांत’ असा असला, तरी येथे तो केवळ क्रियेची पूर्णता दाखवण्यासाठी आला आहे. आपल्या ‘संहार’ शब्दात ‘सम्’ हा उपसर्ग आहे. म्हणून संहार म्हणजे दोघांनी मिळून केलेला वध, असे कोणी म्हणत नाही. तसेच हे. रोमन लोकांच्या तोंडी या विशेषणाचा अर्थ होता निःशेष मारणारे, शेवटचा माणूस पडेपर्यंत न थांबणारे. ज्या लॅटिन बायबलावर आपल्या ख्रिस्तसभेच्या कित्येक पिढ्या पोसल्या, त्यातही याच कुळातला शब्द याच अर्थाने येतो. गणना या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात बाशानचा राजा ओग, त्याचे पुत्र व त्याची प्रजा यांचा उच्छेद झाल्याचे वर्णन आहे. तेथे संत जेरोमने हाच शब्द योजला. ओगच्या प्रजेने इस्राएलाचा निःपात केला नव्हता. मेले ते एकाच बाजूचे.

सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तोही याच अर्थाने. मग १७५५ साली डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांचा प्रख्यात कोश प्रसिद्ध झाला. जॉन्सन हे मोठे विद्वान. लॅटिन त्यांना उत्तम येत असे. तरी ‘इंटर’ या उपसर्गाचा नेहमीचा अर्थ त्यांच्या मनात बसलेला असावा. त्यांनी या शब्दाचा अर्थ परस्परांच्या नाशासाठी झटणारे, असा देऊन टाकला. कोश थोर, कोशकार त्याहून थोर. पुढील पिढ्यांनी तो अर्थ शिरोधार्य मानला, आणि आज त्याला चूक म्हणणाराच चुकीचा ठरेल. भाषेत बहुमताचे राज्य असते, याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र या एका उपसर्गाच्या घोटाळ्याने झालेला बदल लहान नव्हता. पूर्वी तो शब्द ऐकणाऱ्याच्या मनात ‘कोणी मारले?’ हा प्रश्न उभा राहत असे. आता तो शब्दच उत्तर देऊन बसतो की, दोघांनी. चौकशी सुरू होण्याआधीच विशेषणाने निकाल लावलेला असतो.

काही वेळा हा निकाल न्याय्य असतो. आपल्या ‘यादवी’ शब्दाकडे पाहावे. महाभारताच्या मौसलपर्वातील ती कथा सर्वांना ठाऊक आहे. भारतीय युद्धाला छत्तीस वर्षे लोटल्यावर प्रभासक्षेत्री मद्याने धुंद झालेले यादव जुनी उणीदुणी काढू लागले, आणि किनाऱ्यावरचे लव्हाळे उपटून त्यांनी एकमेकांना मारले. त्या गवताचे मुसळ झाले. तेथे प्रत्येकाच्या हातात लव्हाळा होता. कोणी नुसताच उभा राहून मार खाल्ला नाही. म्हणून तो शब्द खरा आहे.

सातारकरांनी आणि कोल्हापूरकरांनी ही यादवी स्वतःच्या घरात पाहिली. १७०७ साली औरंगजेब मरण पावला आणि त्यानंतर शाहूराजे मोगलांच्या कैदेतून सुटून स्वदेशी आले. मधल्या काळात ज्या ताराबाईंनी राज्य राखले होते, त्या त्यांच्या चुलती. राज्य आपल्या पुत्राचे, असे ताराबाईंचे म्हणणे. आपण संभाजीराजांचे पुत्र, तेव्हा वारसा आपला, असे शाहूंचे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, आणि तंटा लांबायला एवढे पुरते. त्याच वर्षी खेडला लढाई झाली. सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले. १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला. पुढे कोल्हापूरची गादी वेगळी झाली. ताराबाईंचा पुत्र दूर सारला जाऊन तेथे त्याचा सावत्र भाऊ संभाजी बसला, म्हणजे यादवीच्या पोटात आणखी एक यादवी झाली. अखेरीस १७३१ साली शाहू आणि संभाजी या चुलत भावांची कऱ्हाडजवळ जखिणवाडीस भेट झाली आणि त्याच वर्षी वारणेचा तह होऊन भांडण मिटले. वारणेच्या दक्षिणेकडील मुलूख कोल्हापूरला मिळाला. सह्याद्रीत उगम पावून सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेस मिळणारी ही नदी आजही बऱ्याच अंतरापर्यंत सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांची सीमा आहे. आज ज्या पुलावरून उसाच्या गाड्या निर्धास्त जातात, तेथली सरहद्द दोन चुलत भावांनी आखली होती. (आमच्या खेडुतांनी यादवीची ‘भाऊबंदकी’ केली आणि तिला बांधावर आणून बसवले, तो भाग निराळा.)

चोवीस वर्षांच्या या झगड्याला यादवी म्हणण्यात कोणावर अन्याय होत नाही. दोन्हीकडे गादी होती, फौज होती, मुत्सद्दी होते, आणि तह करायला दोन्हीकडे माणसेही उरली होती. ताराबाई पुढे साताऱ्यासच राहिल्या आणि १७६१ मध्ये तेथेच वारल्या. ज्या पुतण्याशी त्या लढल्या त्याची आणि त्यांची समाधी एकाच माहुलीच्या संगमावर आहे. पण येथेही एक पायरी थांबावेसे वाटते. वारणाकाठच्या कुणब्याने या यादवीत कोणता लव्हाळा उचलला होता? त्याला साताऱ्याचे स्वार काय आणि पन्हाळ्याचे काय, सारखेच. मराठ्यांची यादवी म्हणताना त्यालाही आपण नकळत त्या भांडणाचा भागीदार करून टाकतो. ज्या प्रसंगी शब्द अगदी बरोबर बसतो, त्या प्रसंगीही तो काही माणसांना बरोबर बसत नाही.

जेथे तो मुळीच बसत नाही, तेथे काय होते हे पाहण्यासाठी दुसरा एक मराठी शब्द घेऊ. ‘दंगल’ हा शब्द सांगलीच्या मनुष्यास शिकवावा लागत नाही. कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने ज्या जिल्ह्यातले, तेथे जत्रेच्या दिवशी दंगल म्हणजे कुस्त्यांचे मैदान. तेथे पंच जोड पाहतात. वजन, उंची, वकूब यांचा मेळ बसल्याशिवाय कुस्ती लावीत नाहीत. विजोड कुस्ती लावली तर भोवतालचे लोकच ओरडून ती बंद पाडतात. दोन्ही मल्ल लाल मातीत आपल्या पायांनी, आपल्या मर्जीने उतरतात. आता हाच शब्द आपण कशाकशाला लावतो पाहावे. पाचशेंचा जमाव पाच घरांवर चालून गेला तरी दंगल; कोणी झोपेत असताना त्याच्या छपराला पलिता लागला तरी दंगल. मैदानातला शब्द उचलून आपण तेथे नेला, पण पंच आणि जोड मागेच राहिले. मग वर्तमानपत्रे त्याला ‘दोन गटांत’ अशी जोड देतात आणि कुस्ती रीतसर लावल्यासारखी होते.

१९४८ च्या फेब्रुवारीत याच प्रदेशात जे झाले त्याला काय म्हणावे? ३० जानेवारीस दिल्लीत नथुराम गोडसे याने गांधीजींवर गोळ्या झाडल्या. मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण आहे ही बातमी पसरताच तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, सांगली-मिरजेकडे, कोल्हापुरात ब्राह्मणांची घरे, वाडे, दुकाने, कारखाने पेटवण्यात आले. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजचा बराचसा सांगली जिल्हा सामावलेला होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. एकट्या सातारा जिल्ह्यात सुमारे तीनशे गावांतील सुमारे एक हजार घरे जळाल्याचा सरकारी आकडा आहे. माणसेही मारली गेली. पुष्कळ ठिकाणी घरातल्यांना बाहेर काढून त्यांच्या डोळ्यांदेखत घर पेटवण्यात आले. पुष्कळ ठिकाणी शेजारच्या मराठ्याने, रामोशाने, मुसलमानाने त्याच माणसांना आपल्या घरात लपवले, हेही तितकेच खरे आहे आणि तितक्याच आवाजात सांगितले पाहिजे.

यात दुसरा गट कोठे होता? नथुरामाचे कृत्य नथुरामाचे आणि त्याच्या साथीदारांचे. कायद्याने त्याला धरले, त्याच्यावर खटला चालला, १९४९ च्या नोव्हेंबरात अंबाल्यास त्याला फाशी झाली. तीनशे गावांत ज्यांची घरे जळाली त्यांच्या हाती पिस्तूल नव्हते आणि पलिताही नव्हता. त्यांच्यापाशी होते ते केवळ आडनाव.

लोकांनी या प्रकाराला दंगल असे फारसे म्हटले नाही, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. ती दंगल नव्हती हे लोकांना ठाऊक होते. त्यांनी त्याला ‘जाळपोळ’ म्हटले, आणि त्याहूनही अधिक ‘जळीत’. गवताची गंजी पेटली तरी जळीत, चुलीतली ठिणगी उडून छप्पर गेले तरी जळीत. या शब्दात जळालेली वस्तू आहे, जाळणारा हात नाही. व्यंकटेश माडगूळकर हे याच भागातले, आटपाडीकडच्या माडगूळचे. त्यांनी या प्रसंगावर १९६४ साली जी कादंबरी प्रसिद्ध केली तिचे नाव ‘वावटळ’. त्या थोर लेखकाने मनात कटुता न ठेवता लिहिले, आणि ते नावही त्या वृत्तीला शोभणारेच आहे. पण वावटळीला आई-बाप नसतात, तिच्यावर फिर्याद लावता येत नाही. गावात राहायचे असते, उद्या त्याच पाणवठ्यावर जायचे असते, ज्याने काडी लावली त्याच्याच दुकानातून मीठ आणायचे असते. अशा वेळी कर्ता गाळलेले वाक्य हे एक प्रकारचे पांघरूण होते. ज्याचे घर जळाले त्याने ते पांघरूण घेतले तर त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. ज्याने जाळले त्यानेही तेच पांघरावे का, हा प्रश्न मात्र उरतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. कोणी म्हणेल, तुम्ही १९४८ पासूनच का मोजता? शतकानुशतके ज्यांना पाण्यापासून, अक्षरापासून दूर ठेवले, सावकाराच्या वहीत ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांचा हिशोब कोणत्या विशेषणात बसवता? महात्मा फुले यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातील कटगुणचे. सत्यशोधकांचे जलसे या जिल्ह्यात गावोगाव झाले आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत कुळांचा असंतोष येथे उघडपणे पेटला होता. ही पार्श्वभूमी दडवून जो १९४८ ची गोष्ट सांगतो तो अर्धीच गोष्ट सांगतो, हे आम्ही पूर्णपणे मान्य करतो. परंतु कारण सांगणे निराळे आणि वाटणी करणे निराळे. सावकाराने खोटे खत केले असेल तर ते त्या सावकाराचे पाप; त्याचा कर्ता आहे, त्याचे नाव घ्यावे, त्याचा जाब मागावा. त्या पापाने शेजारच्या गल्लीतील विधवा शिक्षिकेच्या हाती लव्हाळा येत नाही. शेकडो वर्षांचा अन्याय हा स्वतंत्र अपराध आहे. त्याला १९४८ च्या अपराधाचा ‘दुसरा गट’ म्हणून उभे केले, म्हणजे दोन्ही अपराधांचे कर्ते एकदम सुटतात.

पवित्र शास्त्रातील पहिली हत्या भावाने भावाची केलेली आहे. यादवी म्हणायला याहून योग्य जागा कोणती? दोघेच भाऊ, मधे हेवा, शेतात कोणी साक्षीदार नाही. पण परमेश्वर काइनाजवळ येतो तेव्हा ‘तुम्हा दोघांत काय झाले’ असे विचारीत नाही. तो एकाला विचारतो, आणि दुसऱ्याबद्दल विचारतो. हाबेलाच्या स्वभावात काही दोष होते का, त्याने मोठ्या भावाला कधी डिवचले होते का, याची चर्चा उत्पत्तीच्या लेखकाने केलेली नाही. आपल्या प्रायश्चित्त संस्कारातही हीच शिस्त आहे. पापनिवेदनास गुडघे टेकणारा मनुष्य ‘आमच्यात भांडण झाले’ असे म्हणू लागला, तर जाणता धर्मगुरू त्याला हळूच विचारतो, ‘बाळा, त्यात तू काय केलेस?’ क्रियापद ‘झाले’वरून ‘केले’वर आणणे हेच तेथले अर्धे काम असते.

ही चर्चा केवळ जुन्या जळिताची नाही. १० सप्टेंबर २०२३ रोजी खटाव तालुक्यातीलच पुसेसावळी येथे समाजमाध्यमावरील मजकुराचे निमित्त होऊन जमाव मशिदीवर चालून गेला. आत प्रार्थनेसाठी जमलेल्यांना मारहाण झाली, एका तरुणाचा प्राण गेला, वाहने आणि दुकाने जाळली गेली. कोणाचा किती गुन्हा हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण त्या गावाबद्दल बोलताना आपल्यातली चांगली, देवभीरू माणसेही ‘दोन समाजांत दंगल झाली’ असे म्हणून जातात. त्या वाक्यात प्रार्थनेला गेलेला तरुण मरता मरता कुस्तीगीर होतो. याच तालुक्यात वडूजला ९ सप्टेंबर १९४२ रोजी कचेरीवर तिरंगा घेऊन निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि नऊ जण पडले. त्या दिवसाला खटाव तालुक्यात कोणी दंगल म्हणत नाही. पडलेल्यांना हुतात्मे म्हणतात. म्हणजे योग्य शब्द आपल्याला माहीत नाही असे नाही. मारणारा परका असला की तो लगेच सापडतो. मारणारा आपल्या आळीतला असला की जीभ ‘दोन गटांत’ म्हणून वळसा घेते.

जॉन्सन साहेबांच्या त्या चुकलेल्या अर्थाचाही एक मान ठेवला पाहिजे. त्यांच्या अर्थात मूळ शब्दात नसलेली एक गोष्ट आहे. ती म्हणजे नाते. मारणारा आणि मरणारा एकाच घरातले आहेत, ही जाणीव रोमन शब्दात नव्हती. त्याच अर्थाने कोणी १९४८ ला किंवा पुसेसावळीला यादवी म्हणत असेल, म्हणजे आपल्याच भावाला आपण मारले अशा हुंदक्याने म्हणत असेल, तर आम्ही त्याच्याशी वाद घालणार नाही. पण तसे म्हणण्याचा अधिकार आधी मारणाऱ्याने वापरावा. मेलेल्याच्या घरी जाऊन ‘तुमची आपसातली यादवी’ म्हणणे हे सांत्वन होत नाही.

शास्ते या पुस्तकाच्या शेवटच्या तीन अध्यायांतील कथा आपल्याकडे मिस्सात क्वचितच वाचली जाते. गिबा नगरातील काही नराधमांनी एका स्त्रीवर अमानुष अत्याचार करून तिचा जीव घेतला. इस्राएलच्या इतर वंशांनी बन्यामीन वंशाकडे त्या अपराध्यांची मागणी केली, आणि ती मागणी योग्य होती. बन्यामिनांनी आपल्या माणसांना पाठीशी घातले. मग लढाई झाली आणि तीत पहिले दोन दिवस इस्राएलचेच हजारो लोक पडले. येथवर ती खरोखरच यादवी होती. परंतु जिंकल्यावर विजयी सैन्य थांबले नाही. त्याने बन्यामिनांची गावेच्या गावे जाळली, माणसे आणि गुरे सारखीच कापली. काही नराधमांच्या शोधात निघालेले लोक अख्ख्या वंशाच्या मुळावर उठले. रिम्मोनच्या खडकावर पळालेले सहाशे पुरुष तेवढे उरले. त्यानंतर तेच विजेते बेथेल येथे देवासमोर संध्याकाळपर्यंत बसले आणि मोठ्याने रडले. इस्राएलातून आज एक वंश नाहीसा व्हावा, असे का घडले, असे त्यांनी परमेश्वराला विचारले. त्यांचे अश्रू खोटे नसावेत. तलवारी अजून त्यांच्या कमरेला होत्या, आणि क्रियापद ‘घडले’ हे होते. परमेश्वराने त्या प्रश्नाला उत्तर दिल्याचे त्या अध्यायात कोठेही लिहिलेले नाही.

सातारा-सांगलीकडच्या काही गावांतून अजूनही घडीव दगडांची जोती दिसतात. त्यांवर घर नाही, निवडुंग आणि घाणेरी वाढलेली आहे. हे कोणाचे, असे शाळेतून येणाऱ्या एखाद्या मुलाने आजोबांना विचारले तर बहुधा आडनाव सांगितले जाते, आणि ‘जळितात गेले’ असे म्हणून आजोबा पुढे चालू लागतात. पुढचा प्रश्न मुलाच्या ओठांवर असतो.